त्रास नको

गेल्या पौषात आम्ही वडगाव निंबाळकरहून श्रीवर्धनच्या बाजूला अक्काकडे गेलो, ते घर बरोबर घेऊन. हे अलंकारिक बोलणे नव्हे. मुलाने चार दिवसांसाठी पुण्याहून एक मोटार भाड्याने आणली होती. तिच्यात चौघांना निजायला जागा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, न्हाणीघर, सारे काही. अशा गाडीला कॅरॅव्हॅन म्हणतात, आणि २०२१ साली महाराष्ट्र शासनाने तिच्या पर्यटनासाठी धोरणही ठरविले आहे. मुलगा म्हणाला, "आप्पा, आत्याला आता होत नाही. चौघे जाऊन पडलो तर तिच्यावर ओझे. आपण आपल्या गाडीत राहू, भेटायला तेवढे जाऊ."

मला हा विचार सुज्ञपणाचा वाटला. तो अगदीच चुकीचा होता, असे मी आजही म्हणणार नाही. पण त्या चार दिवसांत एक प्रश्न माझ्या मागे लागला, तो अजून सुटलेला नाही. आपला कुणाला त्रास होऊ नये, ही इच्छा सद्गुण म्हणावी की अहंकार?

नीरा, लोणंद, शिरवळ करीत आम्ही भोरला आलो आणि वरंधा घाटाच्या वाटेला लागलो. आमचे गाव नीरेच्या डाव्या कालव्याचे. १८८५च्या सुमारास तो कालवा झाला आणि पावसाने टाकलेल्या आमच्या मुलखात ऊस उभा राहिला. त्या कालव्यातले पाणी या भोरच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाचे. घाटमाथ्यावर अलीकडे पडलेला पाऊस नीरेला मिळतो आणि नरसिंगपूरला भीमेत जातो. पलीकडे पडलेला सावित्रीतून बाणकोटच्या खाडीने समुद्राला जातो. आमचा ऊस असा दुसऱ्याच्या आभाळावर वाढलेला. कालव्याच्या गावातल्या माणसाने स्वावलंबनाच्या गोष्टी जरा जपूनच कराव्यात, असे घाट चढताना मनात आले. पण त्या वेळी ते तेवढ्यावरच राहिले.

अक्काच्या वाडीच्या कडेला गाडी उभी केली. सकाळ होती. प्रवासाने अंग आंबले होते, म्हणून सूनबाईने गाडीतच चहा टाकला, आणि तो घेऊन, तोंडे धुऊन, आम्ही शहाण्यासारखे अक्काच्या अंगणात गेलो. अक्का पायरीवर उभी होती. चुलीवर पाणी तापत होते. घावनांसाठी तिने तांदूळ वाटून ठेवले होते. आम्ही चहा घेऊन आलो हे कळल्यावर ती एवढेच म्हणाली, "अरे, मी काय तुमची शेजारीण आहे?"

अक्काला कोकणात दिली तेव्हाची एक गोष्ट मला आठवली. तिला पहिले मूल होईपर्यंत आमचे वडील तिच्या घरचे पाणीसुद्धा प्यायले नाहीत. तो त्या काळचा रिवाजच होता. कन्या दान केली, आता त्या घरचे काही घ्यायचे नाही. लहानपणी मला त्यात वडिलांचा मोठेपणा दिसे. आता वाटते, त्यात देणाऱ्याचा हात कायम वर ठेवण्याची युक्तीही होती. ज्याच्याकडून काही घ्यायचे नाही, त्याच्यापुढे वाकायचे काम पडत नाही. वडील सुटीत यायचे ते पाण्याचा तांब्या बरोबर घेऊन, आम्ही पाण्याची टाकी घेऊन आलो. फरक तेवढाच.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पाहुण्याला देव मानणाऱ्या आपल्या घरांत त्या देवाचा नैवेद्य रांधीत कोण बसले? पुरुषांनी आग्रह करायचा आणि बायकांनी भाकऱ्या थापायच्या, असेच पिढ्यान्‌पिढ्या चालले. "आत्याला होत नाही," हे मुलाचे म्हणणे खरेच होते. तिचे गुडघे गेले आहेत. तिच्या प्रेमाचा मान राखायचा म्हणून तिच्या गुडघ्यांकडे डोळेझाक करावी, असे कोण म्हणेल?

त्या रात्री पडवीत बसलो होतो. समोरच्या वाडीत उभ्या पोफळींपेक्षा मोकळी जागाच अधिक होती. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आले, त्यात अक्काची बाग आडवी झाली, घराची कौले उडाली. दाजी त्याआधीच गेले होते. करोनाचे दिवस, त्यातून तारा तुटलेल्या. काही दिवसांनी फोन लागला तेव्हा मी म्हणालो होतो, "पावसाळाभर इकडे ये, न्यायला गाडी पाठवतो." ती म्हणाली, "नको रे, तुम्हाला कशाला त्रास?"

त्या रात्री तिनेच तो विषय काढला. रागाने नव्हे, सहज. म्हणाली, "मी नको म्हटलं आणि तू ऐकलंस. एरवी माझं कधी ऐकलं होतंस?"

मला उत्तर देता आले नाही. कारण तिने नको म्हटल्यावर मला सुटल्यासारखे वाटले होते. घरात लहान नातवंडे, साथीची भीती, परवान्यांची कटकट. कारणे होती, आणि ती खोटीही नव्हती. पण मी दुसऱ्यांदा विचारले नाही, हेही तितकेच खरे होते.

"त्रास नको" या दोन शब्दांचे मर्म मला तेव्हा कळले. जो कुणाला त्रास देत नाही, तो कुणाचा त्रास न घेण्याचा हक्क नकळत कमावीत असतो. हा सौदा उघडपणे कुणी करीत नाही. म्हणूनच तो सभ्यपणासारखा दिसतो. अक्काने मला त्रास दिला नाही, मी तिला दिला नाही, आणि त्या पावसाळ्यात ती गळक्या घरात एकटी राहिली.

दुसऱ्या दिवशी आम्ही अंथरुणे गाडीतून काढून पडवीत आणली. मुलाने विहिरीचे पाणी काढले. मी विळीवर नारळ खोवला. करवंटीचा काळा चुराही त्यात पडला, आणि अक्का पोट धरून हसली. तिला आम्ही कामावरून उठवले नाही. तिच्या शेजारी बसलो. ओझे द्यायचेच नाही, हा एक मार्ग आणि दुसऱ्याच्या डोक्यावर टाकून मोकळे व्हायचे, हा दुसरा. या दोहोंमध्ये ओझ्याचे एक टोक आपण धरण्याचा तिसरा मार्ग आहे, तो मला या वयात सापडला.

परतलो तेव्हा रात्र होती. सोमेश्वरच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या लागल्या. बीड-नगरकडची माणसे दर हिवाळ्यात आमच्याकडे तोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. मुकादमाची उचल फेडीपर्यंत पाचटाच्या कोपीत राहायचे, आणि हंगाम संपला की संसार गाडीवर घालून निघायचे. घर बरोबर घेऊन फिरणारी माणसे आमच्या उंबऱ्याशी कधीचीच होती. आम्हाला ते चार दिवसांच्या हौसेने करावे लागले, त्यांना पोटासाठी.

आमच्या नळावर त्या बायकांना पाणी भरू देतो, हे मी आजवर चांगुलपणा म्हणून सांगत आलो. पण घागरी भरल्या की आम्ही फाटक लावून घेतो. इतक्या वर्षांत त्यांच्यापैकी कुणी आमच्या ओसरीवर टेकल्याचे मला आठवत नाही. त्यांनी कधी त्रास दिला नाही, असेही मी कौतुकाने म्हणत असे.

बहिणीचा त्रास मागून घ्यावा, हे मला उशिरा का होईना उमजले. ज्यांच्याशी नाते नाही त्यांना दुसऱ्यांदा विचारण्याचे बळ माझ्यात आहे का, हे या हिवाळ्यात कळेल. कोप्या पुन्हा पडू लागल्या आहेत.