चढणीचे पुण्य

गेल्या श्रावणापासून मी रोज पहाटे पाठीवर आठ किलो ज्वारी घेऊन अजिंक्यतारा चढतो आणि तीच ज्वारी घेऊन खाली उतरतो. दळण दळायचे तर गिरणी खाली पेठेत आहे, हे साताऱ्यातले शेंबडे पोरही सांगेल. रोज वाटेत भेटणाऱ्या एका पेन्शनर गृहस्थांनी अखेर मला अडवलेच. म्हणाले, "गुरुजी, कसला नवस बोललात?" मी हसून वेळ मारून नेली, पण तो प्रश्न काही माझी पाठ सोडीना.

हकीकत अशी. माझा एक जुना विद्यार्थी बीड जिल्ह्यात ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाचे काम पाहतो. दसरा-दिवाळी झाली की ही कुटुंबे बिऱ्हाड पाठीशी बांधून कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि मुलांची शाळा मागे राहते. मूल गावातच राहायचे तर त्याला छप्पर हवे, दोन वेळचे अन्न हवे आणि रात्री अंगावर पांघरूण घालणारे कोणीतरी हवे. त्यासाठी पैसा उभा करण्याची एक युक्ती त्याने काढली. येत्या मे महिन्यात आम्ही दहाजणांनी नेपाळात एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत चालत जायचे आणि त्या निमित्ताने ज्याने त्याने आपापल्या ओळखीच्या लोकांकडून वर्गणी गोळा करायची. मी सत्तेचाळीस वर्षांचा शाळामास्तर. कळसूबाईसुद्धा चढलेलो नाही. कादंबऱ्यांतून दोन नायकांना मात्र मी बिनदिक्कत हिमालयात धाडले होते. बहुधा त्या पापाचे प्रायश्चित्त म्हणून मी होकार दिला.

होकार दिल्यावर अभ्यासाला लागलो. कळसूबाईची उंची 1,646 मीटर. तो तळ आहे 5,364 मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकाठच्या मानाने जवळजवळ निम्मा, म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायूही निम्माच. लुकल्याला विमानातून उतरायचे आणि आठ दिवस सावकाश चढत जायचे. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर कालच्यापेक्षा आजचा मुक्काम पाचशे मीटरांहून अधिक उंच असू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा, असा नियम आहे. सोबत्याशी बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे. डोके दुखू लागले, मळमळले, तर पुढे चढायचे नाही. दुखणे वाढले तर विनाविलंब खाली उतरायचे. ही बाधा धट्ट्याकट्ट्या तरुणालाही होते. माझी आठ किलो ज्वारी पाय घट्ट करील, गुडघ्यांना उतरण शिकवील. पण विरळ हवेपासून ती मला वाचवू शकणार नाही.

हे सारे मी एका रात्री घरी मोठ्या उत्साहाने सांगत होतो. सौभाग्यवतींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अहो, त्या मुलांना पैसे द्यायचे तर सरळ द्यावेत. तुम्ही दमलात म्हणून त्यांचे पोट कसे भरेल?"

मी वारीचा दाखला दिला. देव का पंढरपुरातच असतो? तरी माणूस पायी जातोच ना? त्यावर त्या म्हणाल्या, "वारकरी आपल्या पायांसाठी वर्गणी मागत नाही."

वाचकहो, या उत्तराने माझी झोप उडवली. मग मी स्वतःलाच खोदून विचारू लागलो. हातात वही घेऊन दारोदार मागायची मला लाज वाटते. अंगाला थोडी झीज लागली की ती लाज कमी होते. देणाऱ्यालाही वाटते, हा नुसता मागत नाही, स्वतः काही सोसतो आहे. एवढ्यापुरता श्रम म्हणजे सचोटीचा जामीन आहे. येथवर सारे ठीक. पण चढणीतच पुण्य असेल, तर उसाची मोळी डोक्यावर घेऊन, फळीवर पाय रोवीत ट्रकमध्ये चढणाऱ्या त्या मुलांच्या आईइतके पुण्यवान कोण? ती दिवसातून किती खेपा चढते! तिच्या चढणीवर कोणी वर्गणी लावीत नाही. आणि त्या वाटेवर माझे सामान ज्याच्या पाठीवर असेल त्या भारवाहकाचे काय? त्यांतले कितीतरी सखल मुलखातून आलेले असतात आणि विरळ हवा त्यांनाही बाधते. तो माझ्याहून अधिक ओझे घेऊन माझ्याआधी मुक्कामाला पोहोचेल, आणि हार मात्र माझ्या गळ्यात पडेल!

आमच्या साताऱ्यातच 1924 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. त्या मुलांच्या जेवणाची पंचाईत झाली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. मंगळसूत्रदेखील ठेवले नाही. त्यासाठी त्यांना कोणता डोंगर चढावा लागला नाही. मुले भुकेली आहेत, एवढे कारण त्यांना पुरले.

मग मी जाऊ नये काय? जाण्याचा खर्चच वसतिगृहाला का देऊ नये? प्रामाणिक उत्तर एकच आहे: मला हिमालय पाहायचा आहे. आयुष्यात एकदा तरी पाहायचा आहे. ही हौस आहे, दान नव्हे; आणि हौसेला दानाची शाल पांघरली की दोन्ही बाटतात. म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्या. जाण्यायेण्याचा खर्च माझा. वर्गणीतील एक पैसाही त्याला लागणार नाही. वर्गणीच्या वहीत पहिले नाव माझे. आणि तिसरी सर्वांत महत्त्वाची. देणाऱ्या प्रत्येकाला मी आधीच सांगतो, "मी तळाला पोहोचेन असे वचन देत नाही. डोके दुखू लागले तर परत फिरेन. तुमचे पैसे मात्र मुलांकडे पोहोचतील."

हे तिसरे कलम मला सुचले ते भीतीमुळे. इतक्या लोकांनी पैसे दिले, आता कोणत्या तोंडाने मागे फिरू, असे म्हणून दुखणे लपवणारा नवखा माणूस मला माझ्यातच दिसू लागला. शाळेत मुले ताप लपवून शर्यतीत धावतात तेव्हा मी त्यांना रागावतो. चांगल्या कामाची भीड ही वाईट कामाच्या मोहाइतकीच घातक ठरू शकते. वर्गणीदारांनी पैसे दिले आहेत ते मुलांच्या पोटासाठी. माझ्या उंचीसाठी नव्हेत. ती उंची मी त्यांना देणे लागत नाही.

एव्हरेस्ट चढून आलेल्या एडमंड हिलरींचे मला या बाबतीत कौतुक वाटते. 1953 साली तेनसिंगसह ते शिखरावर गेले, जगाने त्यांना डोक्यावर घेतले. पण शेर्पांना हवी होती ती शाळा. 1961 साली खुमजुंग गावी ती उभी राहिली, आणि पुढे आयुष्यभर ते शाळा-दवाखाने बांधीत राहिले. त्यांनी शिखरावर घालवली ती केवळ काही मिनिटे. शाळांपायी मात्र उरलेले आयुष्य वेचले.

परवा आमच्या शाळेच्या शिपायाने एकावन्न रुपये आणून दिले. मी माझे नेहमीचे पाठ केलेले वाक्य म्हणू लागलो, तोच तो म्हणाला, "गुरुजी, तुम्ही किती चढता ते कशाला सांगता? पोरं रोज जेवतात का, तेवढं वर्षाच्या शेवटी येऊन सांगा."

मी ते वहीत त्याच्या नावासमोर लिहून ठेवले आहे. उद्या नरकचतुर्दशी. अभ्यंगस्नानाआधी, अंधारातच, ज्वारी पाठीवर घेऊन निघेन. पेन्शनर गृहस्थ भेटले तर या खेपेला त्यांना उत्तर देणार आहे: नवस नाही, काका. हौस आहे. आणि वही खिशात आहे, तेवढी पाहून घ्या!