वंश नावाचा गुणक

मराठीत 'वंश' या शब्दाचा पहिला अर्थ कुळाचा. वंशावळ, वंशवेल, वंशाचा दिवा या प्रयोगांत एका घराण्याची चालत आलेली परंपराच अभिप्रेत असते. काळे, गोरे, पिवळे असे मानवजातीचे विभाग हा त्यावर नंतर चढलेला अर्थ. पुढे 'एथ्निसिटी'साठी आपण 'वांशिकता' म्हणू लागलो आणि भाषा, धर्म, स्थलांतराचा इतिहास यांनी घडणारी गोष्टही पुन्हा रक्ताच्या नात्यात ओढली. हा केवळ परिभाषेचा गोंधळ असता तर तो कोशकारांवर सोपवता आला असता. परंतु ज्या संशोधनव्यवहारातून या संज्ञा आपल्याकडे आल्या, तेथेही त्यांचा अर्थ स्थिर नाही. आणि आरोग्याच्या क्षेत्रात या अस्थिरतेची किंमत रुग्णांना मोजावी लागते.

अमेरिकी शासनाने १९७७ साली आकडेवारीसाठी वंशगट ठरवून दिले. हे गट शास्त्रीय किंवा मानववंशशास्त्रीय मानू नयेत, असे त्या आदेशातच नमूद होते. १९९३ च्या कायद्याने सरकारी निधीवरील वैद्यकीय संशोधनात अल्पसंख्याकांचा समावेश बंधनकारक केला. हेतू न्याय्य होता. पण प्रशासनाच्या सोयीची चौकट त्यामुळे संशोधकाच्या तक्त्यात वय आणि लिंग यांच्या शेजारी जाऊन बसली व तेथे तिला निसर्गसिद्ध वस्तूची प्रतिष्ठा मिळाली.

मूत्रपिंडाची गाळणक्षमता रक्तातील क्रिएटिनिनवरून अजमावण्याचे एक सूत्र १९९९ मध्ये १६२८ रुग्णांच्या अभ्यासातून मांडले गेले. सर्वत्र रूढ झालेल्या त्याच्या संक्षिप्त रूपात, रुग्ण काळा असल्यास आलेल्या आकड्याला १.२१२ ने गुणावे, अशी तरतूद होती. काळ्या लोकांत स्नायूंचे प्रमाण सरासरीने अधिक असते, हे त्याचे दिलेले कारण. आता दोन रुग्ण कल्पावेत : वय, लिंग, क्रिएटिनिन अगदी सारखे. एकाची क्षमता १८ ठरली, तर दुसऱ्याची, केवळ नोंदवहीतील एका खुणेमुळे, जवळजवळ २२. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेचा काळ २० किंवा त्याखाली मोजला जाऊ लागतो. पहिल्याची रांग सुरू झाली. दुसरा कागदावर अजून पुरेसा आजारी नाही. आई काळी आणि वडील गोरे असतील तर? सूत्राला मधली संख्या ठाऊक नव्हती.

आपल्या काव्यशास्त्रातील लक्षणेचा विचार येथे उपयोगी पडतो. गंगेवर गवळ्यांची वस्ती आहे, असे म्हटल्यावर मुख्यार्थाचा बाध होतो, कारण प्रवाहावर घरे उभी राहत नाहीत. मग मुख्यार्थाशी निगडित असा तीराचा अर्थ घेतला जातो, आणि तसे बोलण्यामागे शैत्य-पावित्र्य सुचवण्याचे प्रयोजन असते. उपर्युक्त सूत्रातील 'वंश' हा असाच लाक्षणिक शब्द आहे. त्याचा मुख्यार्थ, म्हणजे परस्परांहून जैविकदृष्ट्या वेगळे मानवगट, केव्हाच बाधित झाला आहे : मानवातील जनुकीय भिन्नतेपैकी सुमारे ८५ टक्के भिन्नता एकेका लोकसमूहाच्या अंतर्गतच आढळते, हे रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. मग उरतो लक्ष्यार्थ. तो स्नायूंचा, आहाराचा, दारिद्र्याचा, वस्तीतील हवेचा, की आयुष्यभर सोसलेल्या भेदभावाचा? संशोधक सहसा सांगत नाही. आणि प्रयोजन? बहुधा एवढेच, की प्रत्यक्ष स्नायू मोजण्यापेक्षा अर्जातील रकाना वाचणे सोपे. काव्याचा रसिक मुख्यार्थाचा बाध विसरत नाही, म्हणून तो गंगेत घरे शोधायला जात नाही. वैद्यकाचा वाचक मात्र तो विसरतो. लक्षणा त्याच्या हातात पुन्हा अभिधा होते.

सिकलसेलचे उदाहरण याच विस्मरणाचे. अमेरिकेत तो दीर्घकाळ 'काळ्यांचा रोग' समजला गेला. वस्तुतः त्या जनुकाचा माग मलेरियाच्या भूगोलातून लागतो. म्हणून तो ग्रीसमध्ये सापडतो, आणि आपल्या विदर्भातील आदिवासी व दलित समाजांतही.

तेव्हा हा शब्द पुसूनच टाकावा, असा युक्तिवाद सुचणे साहजिक आहे. मला तो पटत नाही. अमेरिकेत काळ्या मातांची अर्भके गोऱ्या मातांच्या अर्भकांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात दगावतात. ही विषमता वंशाचा रकाना नसता तर अदृश्यच राहिली असती. ज्या समाजाने माणसांना वंश म्हणून वागवले, त्या समाजाचा परिणाम शरीरावर कसा होतो हे विचारण्यासाठी तो शब्द लागतोच. भेद आहे तो प्रश्नाच्या रोखात : वंश हे कारण म्हणून मांडायचे, की वंशभेदाने केलेल्या आघाताची खूण म्हणून वाचायचे.

हा भेद किती नाजूक आहे ते पुढील घडामोडींत दिसते. २०२१ मध्ये अमेरिकेतील मूत्रपिंडतज्ज्ञांच्या संस्थांनी हा गुणक काढून टाकण्याची शिफारस केली. प्रत्यारोपणासाठी त्याचा वापर २०२२ मध्ये थांबवण्यात आला, आणि ज्यांची प्रतीक्षा त्याच्यामुळे उशिरा मोजली गेली त्यांना हरवलेला काळ परत द्यावा, असे २०२३ पासून रुग्णालयांवर बंधन आले. त्यानुसार हजारो रुग्ण यादीत वर सरकले. पण हे रुग्ण कोण, हे ठरवण्यासाठी रुग्णालयांना जुन्या नोंदी काढून त्याच रकान्यात 'काळा' अशी खूण कोणाच्या नावापुढे आहे, ते पाहावे लागले.