मागं वळून न बघण्याचा अधिकार



आजचं वाचन महाप्रस्थानिकपर्व. महाभारतातलं सतरावं पर्व, अवघ्या 3 अध्यायांचं. एका बैठकीत सहज संपतं. मी मात्र गेले चार दिवस तिथंच अडकलोय. का अडकलोय ते सांगायचं तर थोडं घरचं सांगावं लागेल.

आधी कथा. श्रीकृष्ण गेले, यादवकुळ संपलं. परीक्षिताला गादीवर बसवून पाच पांडव आणि द्रौपदी वल्कलं नेसून हस्तिनापुरातून बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग एक कुत्राही निघाला. समुद्राशी पोचल्यावर अग्नीच्या सांगण्यावरून अर्जुनानं गांडीव पाण्यात सोडलं. पुढं त्यांनी पाण्याखाली गेलेली द्वारका पाहिली, मग उत्तरेकडं वळले, हिमालय ओलांडला, वाळूचा समुद्र पार केला आणि मेरू पर्वत दिसू लागला. तिथं चालता चालता आधी द्रौपदी पडली. मग सहदेव, नकुल, अर्जुन. प्रत्येक वेळी भीम विचारतो, हे माणूस का पडलं? युधिष्ठिर कारण सांगतो आणि चालत राहतो. शेवटी भीमही पडतो. युधिष्ठिर मागं वळून बघत नाही.

हे 'मागं वळून न बघणं' मला कॉलेजपासून फार आवडायचं. अगदी स्टेटसला ठेवण्यासारखं. नजर समोर, फोकस पक्का, मागचं मागं.

आता घरचं.

गेल्या वर्षी मी आणि ताईनं पैसे जमवून आई-अप्पांना ॲड्रियाटिक समुद्रातल्या एका क्रूझवर नेलं. ताईला ऐनवेळी रजा मिळाली नाही, म्हणून आम्ही तिघंच गेलो. एके दिवशी सकाळी जहाज मॉन्टेनेग्रोमधल्या कोतोरला लागलं. दोन्ही बाजूंना उभे डोंगर आणि मधून आत आत शिरत गेलेली खाडी. खाडीच्या टोकाला दगडी तटबंदीचं जुनं गाव. ती तटबंदी गावाभोवती फिरून थेट मागच्या डोंगरावर चढते. वर सेंट जॉनचा किल्ला. पायथ्यापासून साधारण 1,350 पायऱ्या. जहाजावर परत यायची वेळ दुपारी अडीच. जहाज कुणासाठी थांबत नाही, हे आम्हाला दोनदा सांगितलं होतं.

आई खाली चौकात बसली. कोतोर मांजरांसाठी प्रसिद्ध आहे. पाचच मिनिटांत तिच्याभोवती तीन मांजरं जमली आणि ती त्यांच्याशी मराठीत बोलायला लागली. अप्पा म्हणाले, "मी येतो की वर. किल्ला म्हटल्यावर बघायला नको?"

अप्पा 68 वर्षांचे. आमचं सोलापूर सपाट. सिद्धेश्वर तलावाला रोज एक फेरी मारतात, पण त्या फेरीत चढ कुठला? वाटेवरचे दगड पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले. अर्ध्या वाटेच्या अलीकडंच 1518 साली बांधलेलं एक छोटं चर्च लागतं. तिथं पोचेपर्यंत अप्पांचा शर्ट घामानं भिजला होता. ते कट्ट्यावर टेकले आणि म्हणाले, "तू हो पुढं. मी बसतो हितं."

मी घड्याळ बघितलं. हिशोब केला. "पटकन जाऊन येतो," म्हणालो आणि निघालो.

वर पोचलो तेव्हा खरंच भारी वाटलं. खाली लाल कौलांची घरं, निळी खाडी आणि आमचं एवढं मोठं जहाज काडेपेटीएवढं. फोटो काढले, व्हिडिओ काढला. मग उतरायला लागलो.

अप्पा चर्चपाशी नव्हते. ते चर्चच्या वर चाळीस-पन्नास पायऱ्यांवर सापडले. भिंतीला टेकून बसलेले, तळहात खरचटलेला, पँट गुडघ्यावर फाटलेली. एक परदेशी आजी-आजोबा त्यांच्या हातावर बाटलीतलं पाणी ओतत होते. मला उशीर होतोय असं वाटून अप्पा मला बघायला वर निघाले होते आणि पाय घसरला होता. भाषा कळत नसताना ती दोन अनोळखी माणसं अर्धा तास त्यांच्यापाशी थांबली होती. त्यांचाही वेळ जातच होता ना?

हाड मोडलं नव्हतं. हळूहळू उतरलो, आईला घेतलं, जहाजही मिळालं. रात्री मी सॉरी म्हणालो. अप्पा हसले. "अरे, मीच पाठवलं की तुला. त्याचं काही नाही." मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाले, "तू वळणावर पोचेपर्यंत मी हात करायला उभा होतो. तू एकदाही मागं बघितलं नाहीस."

तक्रार नव्हती त्यात. म्हणूनच जास्त लागलं.

चार दिवसांपूर्वी वाचन या पर्वावर आलं आणि पुन्हा तीच ओळ समोर आली. युधिष्ठिर मागं वळून बघत नाही. मनात आलं, चला, धर्मराजानं तेच केलं, मीही तेच केलं. पण यावेळी पुढचं नीट वाचलं.

इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर म्हणतो, माझे भाऊ आणि द्रौपदी सोबत नसतील तर मला स्वर्ग नको. इंद्र सांगतो, ते देह ठेवून आधीच तिथं पोचलेत. मग प्रश्न येतो कुत्र्याचा. इंद्र म्हणतो, याला सोड. युधिष्ठिर म्हणतो, आश्रयाला आलेल्याला सोडणं हे मोठं पाप आहे, मी सोडणार नाही. त्यावर इंद्र त्याला बरोबर पेचात पकडतो. भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग एका कुत्र्याला सोडायला काय अडचण?

हाच प्रश्न मलाही होता. युधिष्ठिराचं उत्तर साधं आहे. ते मेले होते, त्यांना उठवणं माझ्या हातात नव्हतं. जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही.

इथं मी पुस्तक मिटलं.

म्हणजे मागं न बघणं हा त्याचा गुण नव्हताच. तो त्याचा नाइलाज होता. ज्यांच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यांच्यापासून तो पुढं गेला. जे जिवंत होतं, सोबत चालत होतं, ते साधं कुत्रं असलं तरी त्याच्यासाठी त्यानं स्वर्ग अडवून धरला. मी उलटं केलं. माझ्या मागं जिवंत माणूस हात वर करून उभं होतं.

याच्या पुढच्याच पर्वात, स्वर्गारोहणपर्वात, आणखी एक प्रसंग आहे. देवदूत युधिष्ठिराला नरकातून नेतो. दुर्गंध सहन होत नाही, तो परत फिरतो. तेवढ्यात अंधारातून आवाज येतात, जरा थांब, तू आलास तर आम्हाला बरं वाटतंय. तो थांबतो. विचारतो, कोण तुम्ही? कर्ण, भीम, अर्जुन, द्रौपदी, एकेक नाव ऐकू येतं. मग तो देवदूताला म्हणतो, तू जा, मी इथंच राहतो. मागं न बघणारा तोच हा माणूस. मागून जिवंत हाक आली आणि तो थांबला.

तुमच्यातले काही म्हणतील, मग पुढं जायचंच नाही का? मीही स्वतःला हे विचारलं. उत्तर 'जायचं' असंच येतं. अप्पांसोबत मी कट्ट्यावर बसून राहिलो असतो तर त्यांनाच वाईट वाटलं असतं. 'तू हो पुढं' हे ते मनापासून म्हणाले होते. आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आई-वडलांनी हेच म्हणून आपल्याला सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसवलंय. पुण्याला जा, बंगळुरूला जा, तिकडं चांगलं कर. ते वाक्य म्हणजे आशीर्वाद असतो. चूक कुठं होते, तर आशीर्वाद आपण सुट्टी समजतो. त्यांनी 'जा' म्हटलं म्हणजे आपलं काम संपलं, असं धरून चालतो. गाडी हलते, ते खिडकीबरोबर चार पावलं चालतात आणि आपण मोबाइलमध्ये सीट नंबर बघत असतो.

आणखी एक गोष्ट आपल्या भागातल्या देवांनी शिकवलीय, ती मला उशिरा कळली. देव म्हटलं की उंच डोंगर, शिखर, असं आपण धरतो. पण सोलापूरकराचे देव बघा. सिद्धेश्वर महाराज तलावाच्या पाण्यात. पंढरीचा विठोबा नदीकाठच्या सपाट गावात उभा. आणि तुळजापूरची आई? तिला भेटायला पायऱ्या उतराव्या लागतात. दर्शन खाली होतं. खरा चढ लागतो तो घरी परत निघताना, आणि तेव्हाच म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बोलायला लागतात.

परवा मंगळवारी आम्ही तुळजापूरला गेलो होतो. दर्शन झालं, वर यायला लागलो. मला चपला शोधायच्या होत्या म्हणून मी पुढं झालो. सात-आठ पायऱ्या चढून थांबलो आणि वळलो. अप्पांचं लक्षच नव्हतं, ते खाली बघून एकेक पायरी जपून चढत होते. हात मीच केला. त्यांनी बघितलाच नाही. तरी मी तिथंच उभा राहिलो.

आजचा अभ्यास छोटासा. तुम्हाला 'तू हो पुढं' म्हणालेलं एक माणूस आठवा. ते जिवंत असेल तर आज संध्याकाळी फोन करा. काम नसताना करा. ते नसेल, तर धर्मराजासारखं शांतपणे पुढं चला. तिथं मागं न बघण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

उद्या स्वर्गारोहणपर्व पूर्ण करू.

जय हरी.