कष्टांचा वारसा

वारसा म्हटले की आपल्याकडे किल्ला, लेणी, देऊळ नाहीतर एखाद्या सरदाराचा वाडा आठवतो. या मोजमापाने वर्धा नदीकाठच्या पुलगावच्या वाट्याला फारसे काही येत नाही. पण हे मोजमापच अपुरे आहे. विदर्भाच्या कापसाचा, रेल्वेचा आणि मजुरीचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास या गावात जितका एकवटला आहे, तितका फार थोड्या ठिकाणी सापडेल. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला, तो इथे नदी ओलांडूनच. पलीकडचा वऱ्हाड आणि अलीकडचा मध्य प्रांत रुळांनी जोडले गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडगिरणी आली आणि गिरणीच्या भोंग्यावर गावाचा दिवस बेतला जाऊ लागला. 1917 मध्ये आर्वीची छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटी आणि मुंबईच्या लाईनचे साडेपाच फुटी, त्यामुळे डबे पुढे जाऊ शकत नसत. पुढे जाणारी कापसाची प्रत्येक गाठ पुलगावात उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावी लागे. ही अवजड गाठ पेलणाऱ्या हमालाच्या पाठीवर हा सारा व्यापार उभा होता. त्याचे नाव मात्र कुठल्याही फलकावर नाही.

यावर कोणी म्हणेल, हे रूळ इंग्रजांनी आपला कापूस न्यायला टाकले, त्याचा अभिमान कसला? आक्षेप खरा आहे, पण तो जतनाच्या विरोधात जात नाही. शोषणाच्या खुणा पुसल्या, तर शोषणाचा पुरावाही पुसला जातो. शिवाय रूळ कंपनीचे असले तरी गाव वसवले ते मजुरांनी, विणकरांनी, अडत्यांनी. इंग्लंडमध्ये सेव्हर्न नदीवरच्या लोखंडी पुलाभोवती वसलेल्या आयर्नब्रिज गावाचा परिसर 1986 मध्ये जागतिक वारसा ठरला. भट्ट्या आणि कामगारांची घरे तिथे पुलाइतक्याच आस्थेने जपली जातात.

दुसरा आक्षेप पैशाचा. रस्ते, पाणी, रोजगार सोडून नगरपालिकेने संग्रहालये का बांधावीत? बांधू नयेत. आधी कागद वाचवावेत: हजेरीपट, पगारपत्रके, नकाशे, घराघरांतली छायाचित्रे. जुन्या कामगारांचे बोलणे ध्वनिमुद्रित करायला शाळेतली मुले आणि एक मोबाईल पुरे. 31 मे 2016 च्या पहाटे इथल्या दारूगोळा भांडारात लागलेल्या आगीत अधिकारी, जवान आणि अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. तोही या गावाच्या कष्टांचाच इतिहास आहे आणि त्याचे साक्षीदार अजून आपल्यात आहेत. दगडी इमारत शंभर वर्षे वाट पाहू शकते, माणसाची आठवण थांबत नाही. म्हणून पुलगावच्या वारशाचे काम पुरातत्त्व खात्याच्या यादीत नाव येईपर्यंत लांबवता येणार नाही. ते गावानेच, आणि याच पिढीने हाती घ्यायला हवे.