अठरा वर्षांनंतरचे घर

आपला मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली तो दिवस जरा आठवून पाहा. पाळकसाहेब घरी आले असतील, प्रार्थना झाली असेल, चार पाहुणे जेवले असतील. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच आईने त्याच मुलाला नेहमीच्याच आवाजात हाका मारून उठवले असेल. आता बालगृहात वाढलेल्या मुलाचा तोच दिवस डोळ्यांपुढे आणा. त्या तारखेला त्याचे नाव एका नोंदवहीतून कमी होते, आणि ज्या खाटेवर तो दहा वर्षे झोपला ती दुसऱ्या कोणाची होते.

कायद्याने या मुलांचा विचार केलेलाच नाही असे नाही. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम ४६ मध्ये संस्था सोडणाऱ्या मुलास आर्थिक साहाय्य देता येईल अशी तरतूद आहे. २०१६ च्या आदर्श नियमांनी ही पश्चात देखभाल एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत आणखी दोन वर्षे चालावी असे म्हटले असून, सहा ते आठ जणांच्या गटासाठी तात्पुरत्या सामुदायिक घराचीही कल्पना मांडली आहे. मिशन वात्सल्य योजनेत दरमहा ४,००० रुपयांची सोय आहे. परंतु 'देता येईल' आणि 'द्यावे लागेल' या दोहोंमधील अंतर किती मोठे असते, हे सरकारी कचेरीत खेटे घातलेल्यांस सांगावयास नको.

मला मात्र येथे सरकारविषयी लिहावयाचे नाही. प्रश्न आपला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दुष्काळांत मिशनच्या अनाथालयांनी कितीतरी मुलांना पदरात घेतले, त्यांना हातचे काम शिकवले, त्यांची लग्ने लावून संसार उभे करून दिले. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, आणि त्यांच्या केडगावच्या मुक्ती सदनात अन्नाबरोबरच छापखाना, विणकाम, तेलाचा घाणा अशी कामेही मुलींच्या हाती आली. आपल्यापैकी अनेकांच्या घराण्याचा शोध मागे मागे नेला तर तो अशाच एखाद्या अनाथालयाच्या वहीपाशी येऊन थांबतो. म्हणून अनाथ मूल म्हणजे कोणी 'ते', असे म्हणण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

आमच्या शहरात काही कुटुंबांनी मिळून अशा पाच तरुणांसाठी तीन खोल्यांचे घर भाड्याने घेतले. घर मिळेपर्यंतच आमचा अर्धा उत्साह आटला. 'आईबाप नाहीत? मग जबाबदार कोण?' हा घरमालकांचा पहिला प्रश्न. शेवटी करारनाम्यावर आमच्यापैकी दोघांनी सह्या केल्या. घर लागल्यावर कळले की या मुलांना काय येत नाही याची आम्हाला कल्पनाच नव्हती. ऐंशी मुलांच्या भोजनगृहात वाढलेल्या एकाने पहिल्या संध्याकाळी पाच जणांसाठी भात लावला, तो दोन दिवस पुरला. एक किलो मीठ किती दिवस जाते, विजेचे बिल कोठे भरतात, दवाखान्यात केसपेपर कोण काढतो, हे त्यांना कधी पाहावयासच मिळाले नव्हते. मुले हुशार होती, दोघे आय.टी.आय. उत्तीर्ण होते. परंतु आजवर कोणी त्यांच्या हातात घराची किल्लीच दिली नव्हती. जेवणाची घंटा वाजली की जेवायचे आणि दिव्याची घंटा वाजली की झोपायचे, अशा ठिकाणी माणूस आज्ञाधारक होतो. निवड करावयास तो केव्हा शिकणार?

आता माझी गोष्ट सांगतो. पाचही जणांची बँकेची पासबुके आणि कार्डे मी माझ्या कपाटात ठेवीत असे. त्यांच्या भल्यासाठीच, असे मी स्वतःला सांगत होतो. एका मुलास गॅरेजमध्ये काम लागले. पहिला पूर्ण पगार झाला तेव्हा पैसे काढून आणतो म्हणून त्याने कार्ड मागून नेले आणि महागडा मोबाईल व बूट घेऊन आला. भाड्याच्या वाट्यास पैसे उरले नाहीत. आमची बैठक बसली. 'याला उपकाराची जाण नाही', असे एक वडील म्हणाले, आणि मी मान डोलावली. यापुढे कार्ड कोणालाही द्यावयाचे नाही असे जवळजवळ ठरले. तो मुलगा दाराशी उभा होता. तो एवढेच म्हणाला, "अंकल, चूक झाली माझी. पण तुमच्या दादाचं कार्डपण तुमच्याकडेच असतं का?"

वाचकहो, त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या मुलाने पहिल्या पगारात मोटारसायकल बुक केली होती, आणि त्या महिन्याचे त्याचे खोलीभाडे मीच हसत हसत भरले होते. माझ्या मुलाच्या बाबतीत जे तरुणपण, तेच या मुलाच्या बाबतीत कृतघ्नपणा कसे ठरले?

उधळ्या पुत्राच्या दाखल्यावर आपण शेकडो उपदेश ऐकले आहेत, आणि ते बहुधा त्याच्या परतण्यावर असतात. बापाने वाटणी करून दिली त्या दिवसाविषयी मी फारसे ऐकलेले नाही. मुलगा कसा आहे हे बापाला ठाऊक नसेल काय? तरी त्याने वाटा दिला. पण त्याने घरही मोडले नाही. आपल्या संस्था यांपैकी एकच गोष्ट करतात: अठरा वर्षे सर्व काही मुठीत धरतात आणि मग एका दिवसात मूठ उघडतात.

येथे कोणी म्हणेल, तुमच्या मुलाच्या चुकीला तुमची पेन्शन उभी होती. या मुलाच्या मागे कोण आहे? तो एकदा घसरला तर रेल्वेच्या फलाटावरच जाईल. आक्षेप खरा आहे, आणि त्याला माझ्याजवळ पूर्ण उत्तर नाही. एकदम सर्व सोपवणे हाही निष्ठुरपणाच ठरेल. मात्र ज्याला चूक परवडत नाही त्याला चूक करूच न देण्यापेक्षा, चूक परवडेल एवढे तरी आपण त्याच्या मागे उभे राहावे, असे मला वाटते. या घराचा उपयोग तोच. मी पासबुके व कार्डे परत केली. थकलेला वाटा उरलेल्या चौघांनी आपसांत भरला आणि त्याने तो चार हप्त्यांत फेडावा असेही त्यांनीच ठरवले. आम्हाला विचारलेदेखील नाही. तीन हप्ते आले. चौथा अजून यावयाचा आहे.

आणखी एक प्रश्न देणगीदार हमखास विचारतात: मुले रविवारी उपासनेला येतात ना? पाचांपैकी तिघे येतात. एक जण वर्षभरापासून येत नाही, आणि याचे मला दुःख आहे. त्याच्यासाठी मी रोज प्रार्थना करतो. परंतु त्याच्या छपराची किंमत म्हणून त्याची हजेरी मागावयास मी तयार नाही. प्रभूने दहा कुष्ठरोग्यांना शुद्ध केले. आभार मानावयास एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचे आरोग्य प्रभूने काढून घेतल्याचे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. अशा अटीवर आलेला मुलगा बाकावर बसेल. त्याच्या मनाविषयी मी खात्री देऊ शकत नाही.

गॅरेजमधला तो मुलगा गेल्या महिन्यात स्वतःच्या खोलीवर राहावयास गेला. सामान म्हणजे एक गादी, एक कुकर आणि तोच मोबाईल. जाण्यापूर्वी तो नव्या नोकरीचा फॉर्म भरत होता. 'अपघात झाल्यास कोणास कळवावे' या रकान्याशी त्याचे पेन थांबले. माझ्याकडे न पाहता त्याने विचारले, "अंकल, इथं तुमचं नाव लिहिलं तर चालेल?" मी नंबर सांगितला. माझा लागला नाही तर असावा म्हणून माझ्या पत्नीने आतून तिचाही सांगितला.