शिखंडिनीला काय हवं होतं?

एमिली टेश यांच्या ‘सम डेस्परेट ग्लोरी’ या अंतराळ-कादंबरीची नायिका कीर एकाच कामासाठी वाढवलेली आहे: नष्ट झालेल्या पृथ्वीचा सूड घेण्यासाठी. गेआ स्थानकावर उरलेली मूठभर माणसं हेच तिचं घर. मोठी झाल्यावर हुकूम येतो तो मात्र स्थानकासाठी मुलं जन्माला घालण्याचा. तिचं मन स्त्रीकडे ओढ घेतं, पण ते तिला स्वतःलाही फार उशिरा उमगतं. तुला काय हवं, हे तिला कुणी कधी विचारलेलंच नसतं. २०२३च्या या कादंबरीला पुढच्या वर्षी ह्यूगो पुरस्कार मिळाला.

वाचताना मला सतत महाभारतातलं उद्योगपर्व आठवत होतं. भीष्माने पळवलेली, शाल्वाने नाकारलेली अंबा सूडासाठी पुन्हा जन्म घेते. द्रुपदालाही भीष्माला मारणारा मुलगाच हवा असतो, म्हणून अंबेचा पुनर्जन्म असलेली त्याची मुलगी शिखंडिनी मुलगा म्हणून वाढते आणि दशार्ण देशाच्या राजकन्येशी तिचं लग्न लागतं. बिंग फुटतं, सासरा सैन्य घेऊन निघतो. जीव द्यायला अरण्यात गेलेल्या शिखंडिनीला स्थूणाकर्ण यक्ष आपलं पुरुषत्व देतो आणि सूडाची वाट मोकळी होते. त्या दोन मुलींना एकमेकींविषयी काही वाटलं असेल का, याला कथेत जागाच नाही. घराण्याला सूड हवा असला की मुलीचं मन आधी खर्ची पडतं.

मराठीत स्त्रीकडे ओढ घेणारं हे मन रंगमंचावर आणलं विजय तेंडुलकरांनी. १९८१ साली आलेल्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये रोहिणी हट्टंगडींनी सुमित्रा ऊर्फ मित्रा उभी केली, विनय आपटे यांनी नाटक बसवलं. त्या काळात हे मोठंच धाडस होतं. तरीही मित्राची कहाणी आपल्याला तिचा मित्र बापू सांगतो आणि तिचा शेवट आत्महत्येत होतो. असं प्रेम करणारी बाई जगू शकते का, हाच तिथे सगळा प्रश्न आहे. तिचे इतर हेवेदावे, वडिलोपार्जित भांडणं, महत्त्वाकांक्षा यांच्यापर्यंत नाटक पोचूच शकत नाही.

विज्ञानकथेत मात्र जोआना रस यांनी १९७२मध्येच एका कथेत असा ग्रह रचला होता, जिथे बायका बायकांशी संसार करतात आणि त्याचं कुणालाच नवल नाही. आपल्याकडे १९७४मध्ये जयंत नारळीकरांनी टोपणनावाने मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली. त्यानंतर विज्ञानकथेला प्रतिष्ठा आली. पण आपल्या विज्ञानकथेने विज्ञान समजावण्याचं काम इतकं मनावर घेतलं की माजघर बाहेरच राहिलं.

२०१८मध्ये कलम ३७७च्या निकालाने समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. २०२३मध्ये विवाहाचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही. कायदा रेंगाळेल, मराठी कादंबरीने का रेंगाळावं? तिला लागणारं सगळं इथेच आहे. सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात उभ्या मुली आईशी तेलुगूत बोलतात, मैत्रिणीशी मराठीत, मध्येच कानडी शब्द पेरतात. तिथल्या मागावर जगलेल्या घरांमधून कर्जं आणि अबोले पिढ्यान्‌पिढ्या खाली येतात. दूरच्या ग्रहावरचं साम्राज्य उभं करायला याहून वेगळं काय लागतं?

मला अशी मराठी अंतराळ-कादंबरी दशार्णकन्येपासून सुरू झालेली वाचायची आहे. महाभारतात तिला खरं कळतं, ती दायांना सांगते आणि निरोप माहेरी पोचतो. या कादंबरीत तिने तो निरोप पाठवू नये. दोघींनी एक यान घेऊन निघून जावं आणि भीष्माशी काय करायचं, ते द्रुपदाने स्वतः पाहावं.