स्मृती नेमकी कुणाची जाते?



आजचं चिंतन: गीता, अध्याय २, श्लोक ६२-६३. भगवंत इथे एक उतरण दाखवतात. विषयाचा ध्यास, मग आसक्ती, कामना, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश.

मागच्या महिन्यात एका अपडेटनंतर माझा लॅपटॉप सुरूच होईना. आत आजीच्या आवाजातला हरिपाठ होता. आजी आता नाही. स्क्रीनवर पर्याय आला, सगळं पुसून नव्याने सुरू करा. इतकी चिडचिड झाली होती की बोट तिकडेच जात होतं!

पण ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली म्हणजे फाइल्स गेल्या असं नसतं. डिस्क धड असेल तर त्या बहुतेक वेळा जागेवरच असतात, फक्त वाट बंद होते. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करून त्या दुसरीकडे कॉपी करता येतात. डिस्क एन्क्रिप्टेड असेल तर आधी रिकव्हरी की लागते. थोडं शांत झाल्यावर मी तेच केलं. हरिपाठ मिळाला.

म्हणजे यंत्राची स्मृती शाबूत होती, जाणार होती ती माझी!

मग आजीच्या आवाजाची ओढ ही आसक्तीच का? मला वाटतं, प्रेमाला वाट बघता येते. आसक्तीला सगळं आत्ताच हवं असतं, आणि त्या घाईत जे जपायचं तेच आपण पुसून बसतो. नात्यांतही असंच होतं ना?

आजचा संकल्प: राग असेपर्यंत, जे परत आणता येत नाही असं कुठलंही बटण दाबायचं नाही.